मोरचुदाची बरणी

"पुन्हा टाका," डोमाजी म्हणाला. "या वेळी नीट टाका जरा."

मी पुन्हा टाकला. त्याच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतून सुटला, निळ्या पाण्यात बोटभर खाली गेला, तिथे थबकला आणि सावकाश वर येऊन तरंगत राहिला. पहिल्यानेही नेमकं हेच केलं होतं.

"चालणार नाही," मी म्हटलं. "तुमचं रक्त पातळ आहे."

"माह्यं?" त्याने स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. "मॅडम, मी लाकूड डेपोत सागाचे ओंडके उचलतो. दोघांचं ओझं एकटा नेतो."

"असेल. पण थेंब तरंगला."

"थेंबाले काय समजते?"

मी रजिस्टर पुढे ओढलं आणि त्याच्या नावापुढे लिहिलं : थेंब तरंगला, अपात्र. अक्षर माझं त्या वेळी फार सुंदर होतं आणि मला त्याचा गर्वही होता.

ही गोष्ट चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातली. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या रुग्णालयात, मी प्रयोगशाळेची एकुलती एक तंत्रज्ञ होते. वय सव्वीस, नाव कुमुदिनी देवतळे, आणि डोक्यात हवा भरपूर. दुपारचे दोन वाजले होते. भिंतीपलीकडच्या खोलीत डोमाजीची धाकटी बहीण चंद्रकला निपचित पडली होती. पहाटे घरीच बाळंत झाली होती. मूल ठणठणीत होतं, पण वार अडकली आणि बैलगाडीतून इथे पोहोचेपर्यंत तिच्या अंगातलं निम्मं रक्त वाहून गेलं. डॉक्टर बोधनकरांनी वार काढली, रक्त थांबवलं. आता तिला निदान दोन बाटल्या रक्त हवं होतं, आणि ते लगेच हवं होतं.

आमच्याकडे तेव्हा रक्तपेढी नव्हती. नातेवाइकांतूनच रक्तगट जुळणारा माणूस शोधायचा, त्याचं रक्त काढायचं आणि तसंच रोग्याला लावायचं. चंद्रकलेबरोबर गावातून नऊ माणसं आली होती. त्यांतल्या तिघांचा गट जुळला : भाऊ डोमाजी, एक शेजारीण आणि गणपत नावाचा चुलतदीर. डोमाजी झाला. मी शेजारणीला बसवलं. तिचा थेंब तरंगला. गणपतला बसवलं. त्याचाही तरंगला.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. हातमोजे तसेच होते.

"देवतळे, कोण आहे?"

"कोणीच नाही, सर. तिघांचंही रक्त पातळ आहे."

"तिघांचंही?"

"थेंब तरंगतो आहे."

"नाडी एकशे चाळीस झाली आहे. तासाभरात काही लागलं नाही तर ती जाईल. जिल्ह्याला पाठवायची तर ऐंशी किलोमीटर. शनिवारच्या बाईसारखी वाटेतच जायची."

शनिवारची बाई म्हणजे लिंगू आत्रामची बायको. तिचंही बाळंतपणच होतं. लिंगूचा गट जुळला होता, पण थेंब तरंगला. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिला जीपमध्ये घालून जिल्ह्याला पाठवलं, आणि नदीच्या पुलापाशीच ती गेली. जीपमध्ये चढण्यापूर्वी लिंगूने मला विचारलं होतं, "मॅडम, माह्या रक्तात काय कमी हाये?" मी घाईत होते. म्हटलं, गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा, भरून निघेल.

"सर, डोमाजीचं घेऊ या का?" मी धीर करून विचारलं. "माणूस दिसायला धट्टाकट्टा आहे."

"दिसायला?" डॉक्टरांचा आवाज चढला. "फेब्रुवारीत काय झालं ते विसरलात?"

विसरेन कशी? फेब्रुवारीत एक पहिलवान आला होता. त्याचा थेंब मध्येच अडकून राहिला, ना खाली ना वर. मी त्याच्या मांड्या नि मनगटं बघितली आणि पास केला. अर्धी बाटली भरते न भरते तोच तो पांढराफटक पडला, खाटेवरून खाली कोसळला आणि कपाळाला सात टाके पडले. डॉक्टरांनी मला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं होतं, माणसाकडे बघायचंच नाही. थेंब सांगेल तेच खरं.

"थेंब बुडल्याशिवाय मी कोणाला सुई लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एका जिवासाठी दुसरा धोक्यात घालता येत नाही. आणखी कोणी गट जुळणारं सापडतं का बघा." आणि ते पुन्हा आत गेले.

कोपऱ्यात गिरजाबाई उभी होती. आमची वॉर्डातली आया, पंचावन्नच्या पुढची. मी जन्मायच्या आधीपासून ती या रुग्णालयात होती, आणि हे ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची.

"मॅडम, एक बोलू?"

"बोला."

"तिघंच्या तिघं कसे पातळ निघाले? शनिवारचाबी पातळ. साऱ्या तालुक्याचंच रक्त आटलं का?"

"उन्हाळा आहे. लोक अर्धपोटी असतात."

"उन्हाळा त दर साली येते. माह्या टायमाले असं कधी नाई झालं."

"गिरजाबाई, हे शास्त्र आहे," मी नाक वर करून म्हटलं. "इथे तुमचा माझा अंदाज चालत नाही."

"मंग माह्या रक्ताचा थेंब टाका. पाहू शास्त्र काय म्हणते ते."

"तुमचा गट जुळत नाही."

"गटाले मारा गोळी. थेंब पाहा म्हणतो मी."

मला तिचा राग आला. पण त्या रागातच एक गोष्ट सुचली. हे निळं द्रावण मी पंधरा दिवसांपूर्वी बनवलं होतं. तक्त्यात लिहिल्याप्रमाणे मोरचुदाचे निळे खडे तोलून, पाणी मोजून. बनवल्यावर पहिला थेंब माझाच टाकला होता आणि तो खड्यासारखा तळाला गेला होता. मी सुई उचलली आणि स्वतःच्या बोटात टोचली. थेंब नळीत घेतला आणि निळ्या पाण्यावर सोडला.

तो बोटभर खाली गेला, थबकला आणि वर आला.

पंधरा दिवसांत माझं रक्त पातळ झालं असेल, असं क्षणभर मनात आलं. माणूस स्वतःची चूक टाळायला काय काय मान्य करतो, याची मला आजही गंमत वाटते. रोज दोन वेळ पोटभर जेवत होते मी. माझं रक्त पंधरा दिवसांत बदलायचं काही कारण नव्हतं. बदललं असेल तर पाणीच बदललं होतं.

मी वळून बरणीकडे पाहिलं.

मोरचुदाच्या द्रावणाची मोठी काचेची बरणी खिडकीशी, टेबलपंख्यासमोर ठेवलेली असायची. तिचं काचेचं बूच गेल्या आठवड्यातल्या सोमवारी माझ्याच हातून पडून फुटलं होतं. आत धूळ जाऊ नये म्हणून गिरजाबाईने तिच्या तोंडावर जाळीच्या कापडाचा दादरा बांधून दिला होता, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा, चांगला ताणून, दोऱ्याचे चार वेढे देऊन. मीच तिला शाबासकी दिली होती. धुळीचा कणही आत गेला नव्हता. मी दादऱ्याची कड उचलली. बरणीच्या काठाला आतून निळ्या खड्यांची खरबरीत कड जमली होती.

पंचेचाळीस अंशांचं ऊन, समोर चोवीस तास पंखा आणि वर जाळीचं कापड. पाणी नऊ दिवस उडून जात होतं आणि मोरचूद जिथल्या तिथे होता. पातळी खाली गेलेली मला दिसली नव्हती असं नाही. पण मी रोज थोडं द्रावण काढतेच, तेव्हा ती उतरणारच, असं मी धरून चालले होते.

"काय झालं?" गिरजाबाईने विचारलं.

"द्रावण दाट झालंय," मी म्हटलं. "या पाण्यात कोणाचंही रक्त तरंगेल."

"मंग पातळ करा ना!"

तिला ते ताक पातळ करण्याइतकं सोपं वाटलं. पण किती पातळ? या तपासणीचा सगळा जीवच त्या एका आकड्यात असतो. त्या द्रावणाचं वजन, तेवढ्याच मापाच्या पाण्याच्या वजनाच्या १.०५३ पट हवं. चांगलं रक्त त्याहून जरासं जड असतं, म्हणून बुडतं. कमजोर रक्त हलकं असतं, म्हणून तरंगतं. फरक हजारात पाच-सात भागांचा. पाणी थोडं जास्त पडलं तर पहिलवानासारखे सगळेच पास, कमी पडलं तर सगळेच नापास. घनता मोजायची काचेची नळी आमच्याकडे नव्हती, कारण तक्त्याप्रमाणे तोलून केलं की तिची गरज पडत नसे. नवीन द्रावण करावं म्हणून मोरचुदाचा डबा उघडला, तर खडे उन्हाने पांढुरके पडले होते. त्यांच्यातलंही पाणी उडालं होतं. म्हणजे तक्त्यातलं वजनही आता खोटं.

घड्याळात सव्वादोन झाले होते. भिंतीपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "पाय वर करा तिचे. आणखी वर."

त्या क्षणी मला शाळेतली सापेक्ष घनता आठवली असं सांगितलं तर छान वाटेल. खरं म्हणजे मला फक्त घाम फुटला होता. आठवलं ते हे, की नळी नसली तरी तराजू आहे. घनता म्हणजे काही काचेच्या नळीत राहणारी गोष्ट नव्हे. एकाच भांड्यात आधी पाणी तोलायचं, मग तेवढंच द्रावण तोलायचं, आणि पहिल्याने दुसऱ्याला भागायचं.

मी औषधखोलीत धावले. तिथे पुड्या तोलायचा काचपेटीतला तराजू होता. एक अरुंद गळ्याची छोटी बाटली घेतली. एका पारड्यात ती, दुसऱ्यात वाळू घालून काटा मधोमध आणला. मग चाळीस ग्रॅमचं वजन ठेवलं आणि बाटलीत शुद्ध पाणी थेंबथेंब सोडत गेले. काटा पुन्हा मध्ये आला तेव्हा पाण्याच्या रेषेवर बाटलीच्या गळ्याला चिकटपट्टीची बारीक पट्टी लावली.

"ही पट्टी कशाले?" गिरजाबाईने विचारलं.

"द्रावणही इथपर्यंतच भरायचं."

बाटली रिकामी केली, कोरडी केली आणि पट्टीपर्यंत बरणीतलं द्रावण भरलं. पाणी भरलं होतं चाळीस ग्रॅम. तेवढंच द्रावण भरलं बेचाळीस ग्रॅम अठ्ठ्याऐंशी सेंटिग्रॅम. मी भागाकार केला. एक दशांश शून्य सात दोन.

एवढ्यात डॉक्टर आले. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी तराजूकडे, बरणीकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आता तुम्ही पाणी घालणार?"

"हो."

"थेंब बुडेपर्यंत?" त्यांच्या डोळ्यांत संशय स्पष्ट होता. "देवतळे, बाहेर नऊ माणसं बसली आहेत, आत बाई मरते आहे. अशा वेळी आपल्याला हवं ते उत्तर काढणं फार सोपं असतं."

ते मला लागलं, कारण मला तीच भीती वाटत होती.

"थेंबाकडे मी बघणारच नाही, सर. वजनावर थांबणार. बेचाळीस ग्रॅम बारा सेंटिग्रॅम. हा आकडा आधी लिहून ठेवते, तुमच्यासमोर. तो आला की थांबायचं. मग जो बुडेल तो बुडेल."

त्यांनी मान हलवली. "दहा मिनिटं," म्हणाले.

तीन भाग द्रावणाला एक भाग पाणी घातलं, ढवळलं, पट्टीपर्यंत भरलं. बेचाळीस सोळा. ओतलं, पाण्याचे काही थेंब घातले, ढवळलं, भरलं. बेचाळीस चौदा. गिरजाबाईने पंखा बंद केला, कारण वाऱ्याने पारडं हलत होतं. माझ्या नाकावरून घाम ओघळला आणि तो पारड्यात पडू नये म्हणून तिने पदराने पुसला. आणखी चार थेंब. काटा मध्ये येऊन उभा राहिला. बेचाळीस बारा.

पहिला थेंब माझा. तो सरळ तळाला गेला.

दुसरा शेजारणीचा. तो थबकला आणि वर आला. डॉक्टर वाकून बघत होते. त्यांचा चेहरा सैल पडला. सगळेच बुडाले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता. माझाही बसला नसता.

गणपतचा बुडाला.

"डोमाजी," मी हाक मारली. तो आत आला, बोट पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. एवढा थोराड माणूस, पण पाण्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"बघा," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले तेव्हा त्याचा थेंब तळाशी जाऊन बसला होता.

पावणेतीनला पहिली बाटली लागली, साडेतीनला दुसरी. पाचच्या सुमाराला चंद्रकलेने पाणी मागितलं आणि बाळ मुलगा की मुलगी ते विचारलं. डोमाजी व्हरांड्यात बसून चहा पीत होता. मला बघितल्यावर तो उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं. माझा जीव भांड्यात पडला होता हे खरं, पण तो दिलासा फार वेळ टिकायचा नव्हता.

संध्याकाळी मी रजिस्टर दुरुस्त करायला बसले. डोमाजीच्या नावापुढचं "अपात्र" खोडलं. गणपतचं खोडलं. मग नजर वरच्या ओळीवर गेली. शनिवार. लिंगू आत्राम, वय तीस. थेंब तरंगला, अपात्र. तेच माझं सुंदर अक्षर. बूच फुटलं सोमवारी. शनिवारपर्यंत बरणी पाच दिवस उघडी होती.

मी रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती ओळ वाचली.

"शनिवारी ते किती दाट होतं, आता सांगता येईल?"

"नक्की नाही. पण दाट होतंच."

"त्याचं रक्त खरंच कमजोर असू शकेल."

"असू शकेल."

"मग गप्प राहा." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही. कोणी विचारलेलं नाही, कोणी विचारणारही नाही. तोंडाने बोलू नका आणि लिहून तर मुळीच देऊ नका."

ते वाईट माणूस नव्हते. माझ्या भल्याचंच सांगत होते. मी गप्प राहिले. नवीन बूच आलं, नवीन मोरचूद आला, तराजूवर दर सोमवारी द्रावण तोलायचा नियम मी स्वतःला घालून घेतला. जून गेला, जुलै गेला. नदीच्या पुलाचं नाव निघालं की मी उठून दुसरं काम शोधायचे.

ऑगस्टच्या शेवटी एक माणूस प्रयोगशाळेच्या दारात आला. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात पिशवी.

"मॅडम, वळखलं का?"

मी ओळखलं. गिरजाबाईनेही ओळखलं. ती झाडू भिंतीला टेकवून उभी राहिली.

"मी लिंगू. तुमी म्हटलं होतं ना, गूळ-शेंगदाणे खा. तीन महिने खाल्ले. एक दिवस नाई चुकलो." त्याने बोट पुढे केलं. "आता पाहा बरं, भरलं का."

"कशासाठी? कोणाला रक्त द्यायचं आहे?"

"आत्ता नाई. पण घरी पोरगी हाये, आठ वर्षांची. उद्या तिच्यावर येळ आली त मी कामाचा पाहिजे. तिच्या मायच्या टायमाले नाई आलो कामी."

मी सुई टोचली. थेंब घेतला. नळी पाण्यावर धरली. देवाशप्पथ सांगते, तो तरंगावा असं मला वाटलं. तो तरंगला असता तर मी सुटले असते.

थेंब तळाला गेला.

"बुडला!" लिंगूचा चेहरा उजळला. "म्हंजे भरलं! गुळानं भरलं, मॅडम!"

नुसती मान हलवायची होती. तो आनंदाने घरी गेला असता. गिरजाबाई माझ्याकडे बघत होती आणि पहिल्यांदाच ती काही ऐकवत नव्हती.

"आत्राम, बसा," मी म्हटलं.

मी त्याला सगळं सांगितलं. बूच, दादरा, पंखा, उडालेलं पाणी. डोमाजीचा तरंगलेला आणि मग बुडालेला थेंब. सांगून संपल्यावर मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "तवाबी बुडला असता?"

"बहुतेक. हो."

"अन् ते जगली असती?"

"ते सांगता येत नाही. पण तिला एक बाटली मिळाली असती."

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने टेबल उलथून टाकलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. त्याने फक्त तळाशी बसलेल्या त्या थेंबाकडे पाहिलं.

"गावात म्हणते सारे," तो म्हणाला, "लिंगूच्या अंगात रक्तच नाई. बायकोले एक बाटली नाई देऊ शकला. पोरगी आयकते. काही म्हणत नाई मले, पण आयकते." मग त्याने मान वर केली. "तुमी हे कागदावर लिहून देता का? तिले वाचता येते."

डॉक्टरांचे शब्द मला आठवले. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं : लिंगू आत्राम यांचं रक्त चांगलं होतं. ते द्यायला तयार होते. चूक माझ्या द्रावणाची होती. खाली पूर्ण नाव लिहून सही केली, तारीख घातली.

त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"शिक्का मारा," तो म्हणाला. "नाईतर गावात कोणी मानत नाई."

मी खणातून रुग्णालयाचा शिक्का काढला, शाईच्या पेटीवर दाबला आणि माझ्या सहीवर मारला.